दसऱ्याला वगळायला हवं होतं ते घर

नाना,

आज सकाळी माझ्याकडे एक मुलगी आली होती. नुकतीच सनद मिळाली आहे, ठाण्याच्या कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली काम करते आणि अडलं की माझ्याकडे येते, कारण मी म्हातारी आहे, घरात एकटी असते आणि चहा चांगला करते. तिने विचारलं, "मॅडम, मर्डरसारख्या केसमध्ये खालच्या कोर्टाने दिलेला बेल हायकोर्टाने कधी कॅन्सल करावा?" मला जे ठाऊक ते मी सांगितलं, आणि मग उदाहरण म्हणून कल्याणच्या एका शाळामास्तरांची गोष्ट सांगितली. नाव सांगितलं नाही, नातंही सांगितलं नाही. गोष्ट संपली तशी ती खळखळून हसली. "म्हणजे जामीनदारच आरोपीला साक्षीदाराच्या घरी घेऊन गेलेला? फुल बावळट असणार हा माणूस!" नाना, मला तिचा असा राग आला की तिच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटला. तिचा काय दोष म्हणा. ती गेल्यावर मी दार लावलं आणि लिहायला बसले. तुम्ही बावळट नव्हता हे मला कुणाला तरी सांगायचं होतं, पण ज्यांना तुम्ही ठाऊक होता ती माणसं एकेक करून गेली. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

गंमत म्हणजे तिला मी जे शिकवलं ते मुळात तुमचंच होतं, फक्त कायद्याच्या भाषेत घालून दिलं. जामीन नाकारणं वेगळं आणि एकदा दिलेला काढून घेणं वेगळं. नाकारताना कोर्ट बघतं की गुन्हा किती मोठा, पुरावा कसा, माणूस पळेल का. पण तो सुटून घरी आला की गुन्हा मोठा आहे एवढंच पुन्हा उगाळून त्याला आत घालता येत नाही. जामीन दिला त्या दिवशीही गुन्हा तेवढाच मोठा होता. मधे काहीतरी घडलेलं असावं लागतं. तो पळायच्या तयारीत असेल, पुरावा नाहीसा करत असेल, साक्षीदारांवर दडपण आणत असेल, बाहेर येऊन पुन्हा तेच उद्योग करत असेल, तर वरच्या कोर्टाने जरूर हात घालावा. किंवा खालच्या कोर्टाने समोरचे कागद न वाचताच हुकूम दिला असेल, तरीही. एरवी माणसाचं मोकळं असणं ही काही उसनी दिलेली वाटी नाही, की लहर लागली आणि परत मागितली. तुम्ही हे सगळं मला आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून एका दमात समजावलं होतंत. "मुलाला वर्गात घ्यायचं की नाही ते हेडमास्तरांनी आधी ठरवावं. एकदा बाकावर बसवला, की त्याने वर्गात काही केल्याशिवाय त्याला उठवता येत नाही." हे वाक्य मी वकिलीत कितीदा वापरलं असेल. न्यायाधीश हसायचे, पण ऐकून घ्यायचे.

तो मुलगाही तुमच्या बाकावरचाच. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, मी इंटरला होते. आपल्या आळीच्या मागे लाकडांची वखार होती आणि वखारवाल्यांचा थोरला मुलगा तुमचा विद्यार्थी. गणितात हुशार, स्वभावाने तापट, तुमच्यासमोर मात्र अगदी गरीब गाय. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी त्याला वखारीत बसवला. तिथे खडवलीचा एक मुकादम होता, हमालांकडून गाड्या भरून घेणारा. एका दुपारी गाडी भरण्यावरून दोघांची जुंपली, मुकादमाने मालकाच्या मुलाला सगळ्या हमालांसमोर खोटं पाडलं, आणि ह्याने हाताशी आलेला वासा उचलून त्याच्या डोक्यात घातला. मुकादम तिन्हीसांजेच्या आत गेला. इथवर कुणाचाच वाद नव्हता. वाद होता तो पुढचा. वखारवाले म्हणत होते, रागाच्या भरात एकच फटका बसला. एक फटका म्हणजे शिक्षा होणार, पण थोड्या वर्षांची. शेजारच्या काकूंनी मात्र पोलिसांना सांगितलं होतं, की मुकादम खाली पडून हात जोडत होता आणि तेव्हा ह्याने दुसरा घातला. तो दुसरा फटका म्हणजे खून, आणि खुनाला फाशी नाहीतर जन्मठेप.

दुसरा फटका पाहिला असं म्हणणाऱ्या काकू एकट्याच. हमाल सगळे मूग गिळून बसले, त्यांची चूल वखारीवर पेटायची. काकूंच्या घराचं मागचं दार वखारीकडे उघडायचं आणि वखारवाल्यांशी त्यांचा देण्याघेण्याचा काही संबंध नव्हता. त्या तुमच्याच शाळेतल्या एका मास्तरांच्या पत्नी. काका अचानक गेले, पदरी मूल नाही, एक भाचा सांभाळलेला, पापड-मेतकूट करून विकायच्या. काकांच्या माघारी त्यांच्या दारात पहिले उभे राहिलात ते तुम्ही. भाच्याला शाळेत घेतलंत, रोज आपल्या ओटीवर बसवून शिकवलंत. "मास्तर आहेत म्हणून आम्ही आहोत," असं काकू चारचौघींत बोलून दाखवायच्या आणि आई संकोचून जायची. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तेव्हा आपल्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

वखारवाले आपल्याकडे आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "मास्तर, वकील म्हणतात, गावातला स्वच्छ माणूस जामीन राहिला तर सेशन कोर्ट सोडेल. माझ्याकडे नातेवाईक ढीगभर आहेत, पण स्वच्छ म्हणून कुणाकडे बोट दाखवू? तुम्ही म्हणाल तर पोरगं घरी येईल." तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. आत येऊन पाणी प्यालात. आई विळीवर भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, खुनाची केस आहे."

"अजून सिद्ध व्हायची आहे."

"आणि काकूंनी बघितलं ते?"

"ते त्या कोर्टात सांगतील. त्यांना कोण अडवतंय? तोवर त्याने घरी राहायचं की तुरुंगात, एवढाच प्रश्न आहे. माझ्या हाताखालून गेलेला मुलगा आहे, पळणार नाही एवढं मी सांगू शकतो." आणि मग मला ते बाकाचं उदाहरण दिलंत. आई भाजी जरा जोरात चिरायला लागली.

ठाण्याला सेशन जजनी जामीन देताना मुलाला आणि तुम्हाला दोघांनाही तोंडी बजावलं, की साक्षीदारांना कसलाही त्रास होता कामा नये आणि जामीनदाराने त्यावर लक्ष ठेवायचं. तुम्ही ते किती मनावर घेतलंत! रोज संध्याकाळी त्याला आपल्या ओटीवर हजेरी. तो यायचा, वहाणा बाहेर काढून ठेवायचा, खाली मान घालून बसायचा. तुम्ही वर्तमानपत्र वाचायचात आणि मधेच विचारायचात, "आज दिवसभरात काय केलंस?" वर्गातल्यासारखंच. तो सांगायचा. मला वाटतं तो खरंच सांगत होता. त्याला पश्चात्ताप झाला होता का, हे मला आजही सांगता येणार नाही, पण तुमच्याशी तो खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही.

त्याच दिवसांत एकदा मुकादमाची बायको आली होती, खडवलीहून. ओटीची पायरी चढली नाही, अंगणातच उभी राहिली. तुम्ही बाहेर गेलात तर म्हणाली, "मास्तर, त्याला तुमी हाव. माज्या पोरांना कोन हाय?" तुम्ही तिला बसायला सांगितलंत, आईने पाणी आणि गूळ दिला. तुम्ही म्हणालात, "बाई, खटला चालेल, न्याय होईल. माझा तुमच्याशी काही वैरभाव नाही." ती पाणी प्याली, भांडं उपडं करून ठेवलं आणि गेली. तुम्ही बराच वेळ अंगणात उभे होता. नंतर तिच्याबद्दल आपल्या घरात कुणी बोललं नाही. मी पुढे इतक्या खुनाच्या केसेस पाहिल्या, प्रत्येक वेळी आरोपीचे लोक बाकांवर आणि मेलेल्या माणसाची बायको दाराशी उभी, हे बघितलं की मला आपलं अंगण आठवायचं. वाईट वाटायचं, लाजही वाटायची.

आणि मग दसरा आला.

आपल्या आळीची रीत तुम्हाला मी काय सांगावी. दुपारी पुरुषमंडळी दुर्गाडी किल्ल्यावरच्या देवीला जाऊन यायची आणि संध्याकाळी घरोघर सोनं द्यायला निघायची. लहानांनी थोरांच्या हातावर आपट्याची पानं ठेवायची, पाया पडायचं, थोरांनी डोक्यावर हात ठेवायचा. वर्षभराचा अबोलाही त्या संध्याकाळी सुटायचा. तो मुलगा दरवर्षी तुमच्याबरोबर फिरायचा. त्या वर्षी तो दारात आला आणि म्हणाला, "सर, मी येऊ की नको?" तुम्ही म्हणालात, "का नको? चल." आई आतून बाहेर आली. एवढ्या स्पष्ट शब्दांत ती तुम्हाला क्वचितच अडवायची.

"काकूंकडे नका नेऊ त्याला."

"का?"

"कोर्टाने सांगितलंय ना, साक्षीदाराला त्रास द्यायचा नाही म्हणून?"

"सोनं देणं हा त्रास झाला? अगं, सगळ्या आळीत जायचं आणि एकच घर वगळायचं? दसऱ्याला वगळलेलं घर म्हणजे वैऱ्याचं घर. काकूंनी काय समजायचं? की खरं बोलल्या म्हणून आम्ही त्यांना वाळीत टाकलं? उलट आज त्याने त्यांच्या पायाशी वाकलंच पाहिजे. त्यांनी पोलिसांत सांगितलं त्याचा कुणाला राग नाही, हे त्यांना कळू दे."

आई आत वळली. मी तर तुमच्याच बाजूची होते, मला ते फार थोर वाटलं. तुम्हाला कोर्टाच्या हुकमातून पळवाट काढायची नव्हती. तुम्हाला खरोखर वाटत होतं की एका घराचा अपमान टळतो आहे. आज कुणी वकील असा युक्तिवाद करेल तर मी त्याला लबाड म्हणेन, पण तुमच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं, आणि हीच तर पंचाईत झाली.

मी तुमच्या मागे उभी आहे. काकूंच्या दाराला झेंडूचं तोरण आहे, आत पाटीवर सरस्वती काढलेली दिसते आहे. तुम्ही उंबऱ्याशी थांबून म्हणता, "काकू, सोनं घ्या." काकू पदर सावरत येतात आणि तुमच्यामागे त्याला बघून थबकतात. तुम्ही बाजूला होऊन त्याला पुढे करता. तो त्यांच्या हातावर पानं ठेवतो, वाकतो, पायांना हात लावतो. काकूंचा हात वर येतो, जरा थांबतो, मग त्याच्या डोक्यावर टेकतो. "औक्षवंत हो," त्या म्हणतात. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळतं. परतताना तुमचे डोळे भरून आले होते. "बघितलंस? किती मोठं मन आहे बाईंचं," तुम्ही मला म्हणालात.

चार दिवसांनी काकू पोलीस चौकीवर गेल्या आणि फौजदाराला म्हणाल्या, "माझं नाव काढा त्यातून. मी त्याला औक्षवंत हो म्हटलंय, आता मी त्याच्या गळ्यात फास कसा घालू?" फौजदार शहाणा असावा. त्याने काकूंवर आरडाओरडा केला नाही, सगळं नीट विचारून घेतलं आणि वर कळवलं. दिवाळी झाल्यावर सरकारतर्फे हायकोर्टात अर्ज पडला, की जामिनावर असलेल्या आरोपीने मुख्य साक्षीदाराला गाठून तिचं मन वळवलं आहे, सबब जामीन रद्द व्हावा. त्यात तुमचाही उल्लेख होता, 'जामीनदाराच्या समवेत' असा. अर्जाची ती ओळ वखारवाल्यांच्या वकिलांनी तुम्हाला वाचून दाखवली तेव्हा कुणीतरी तोंडात मारल्यासारखा तुमचा चेहरा झाला होता.

सुनावणीला तुम्ही मला बरोबर घेतलंत. उंच छताची खोली, काळे झगे, सगळं कामकाज इंग्रजीत. वखारवाल्यांनी मोठा वकील दिला होता आणि तो छान बोलला. धमकी कुठे आहे? लालूच कुठे आहे? दिवसाढवळ्या, साऱ्या आळीसमक्ष, एका आदरणीय शिक्षकांच्या सोबतीने सणाच्या दिवशी केलेला नमस्कार, ह्याला दडपण म्हणायचं तर मग घरोघर पोलीस बसवावे लागतील. दिलेलं स्वातंत्र्य हिरावून घ्यायला ह्याहून भक्कम कारण हवं. मी मनात टाळ्या वाजवत होते. तेव्हाच्या कायद्यात हायकोर्टाने असा जामीन रद्द करावा म्हणून सरळ लिहिलेलं कलम नव्हतं, ते पुढे काही वर्षांनी आलं. वकिलाने तेही सांगितलं. न्यायमूर्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की न्यायाचं काम बिघडू नये म्हणून कोर्टाच्या अंगी जो अधिकार असतो तो त्यासाठी पुरेसा आहे. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "जामीनदार हजर आहेत का?" तुम्ही उठून उभे राहिलात. ते तुमच्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मला तुमच्याबद्दल आदर आहे. साक्षीदार बाईंनाही आहे. अडचण तीच आहे." आणि जामीन रद्द झाला.

तुम्ही ते टोमण्यासारखं ऐकलंत. मीही तसंच ऐकलं. बाहेर व्हरांड्यात पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं तेव्हा तो तुमच्याकडे वळून म्हणाला, "सर, दसऱ्याला तुम्ही म्हणालात म्हणूनच आलेलो मी." तक्रार म्हणून नाही, नुसतंच, आठवण करून दिल्यासारखं. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झालात आणि शिपायाने मधे हात घातला. आपण घरी आलो. आईने पानं वाढली. तुम्ही म्हणालात, "माझ्या सद्भावाला त्यांनी गुन्हा ठरवलं." आणि ताटावरून उठलात.

त्यानंतर तुम्ही कोर्टाची पायरी चढला नाहीत. ठाण्याला खटला उभा राहिला, काकू साक्षीला आल्या आणि दोन्ही फटके सांगितले, उलटतपासणीत ढळल्या नाहीत. जन्मठेप झाली. तुम्ही ते शेजाऱ्यांकडून ऐकलंत आणि नुसती मान हलवलीत. काकू भाच्याला रेल्वेत नोकरी लागली तशी त्याच्याबरोबर डोंबिवलीला राहायला गेल्या. जाताना आईला भेटल्या, तुम्ही शाळेत असाल अशी वेळ बघून. आणि दसऱ्याला तुम्ही दार लोटून घरात बसायला लागलात. मुलं यायची, कडी वाजवायची. आई त्यांना ओटीवर बसवून त्यांच्या हातावर साखर ठेवायची आणि सांगायची की मास्तरांना बरं नाही. हे मला सगळ्यात लागलं. ज्या माणसाला एक घर वगळणं जमलं नव्हतं, त्याने साऱ्या आळीलाच वगळलं.

मी वकिलीला जाते म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "जा. आणि लोकांना नमस्कार करायला बंदी करायला शीक." इतकं तिरकं तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हता. पण माझी पहिली केस ठाण्यात होती त्या दिवशी मी सहज खिडकीतून खाली बघितलं, तर आवारातल्या झाडाखाली तुम्ही उभे. छत्री टेकून, कोर्टाकडे पाठ करून. आत आला नाहीत. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "नीट ऐकून घेतात का?" मी म्हटलं, "घेतात." आणि आपण घरी आलो. मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्हीतलं कुठलं जास्त हे कळेना.

तुमच्या शेवटच्या आजारात एका दुपारी आई जरा आडवी झाली होती आणि मी तुमच्या उशाशी होते. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "तू आता कायदा शिकलीस. खरं सांग, कोर्टाचं चुकलं ना गं?" मी म्हटलं, "हो नाना, चुकलं." तुमचं समाधान करायला नाही म्हटलं. मला तसंच वाटत होतं. मी तुम्हाला तेव्हाची कलमं समजावली, धमकी आणि नमस्कार ह्यांतला फरक सांगितला, त्या न्यायमूर्तींना आपल्या आळीची रीत कशी कळणार म्हणाले. तुम्ही ऐकलंत, तुमच्या कपाळावरची आठी गेली, आणि तुम्ही माझा हात दोनदा थोपटलात. महिन्याभरात तुम्ही गेलात.

तुमचे दिवस झाल्यावर मी डोंबिवलीला काकूंना सांगायला गेले. भाच्याच्या दोन खोल्या होत्या, काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मास्तरांनी मला क्षमा केली का गं?"

"कसली क्षमा, काकू? तुमच्यावर कुठे राग होता त्यांचा? तो कोर्टावर होता. नुसत्या नमस्काराला कोर्टाने धाक ठरवलं म्हणून."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "धाकच होता गं तो," त्या म्हणाल्या.

"त्या मुलाचा?"

"त्याला कोण घाबरतंय! तो एकटा आला असता तर तोंडावर दार लावलं असतं मी. तो वाकला ना, तेव्हा मी पाय मागे घेणारच होते. वर बघितलं तर तुझे वडील. इतक्या कौतुकाने बघत होते माझ्याकडे! जसं काही आता मी कुणीतरी मोठी होणार. माझ्या पोराला ज्यांनी माणसात आणलं, ते दारात उभे. त्यांच्यासमोर पाय मागे घेऊ? मला भीती वाटली ती मास्तरांची. रोज वाटायचं, आता आज पुन्हा येतील, काकू, मन मोठं करा म्हणतील, आणि मी हो म्हणून बसेन. त्याला आत घेतला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला माझा. आणि साक्षीला उभी राहिले तेव्हा आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. मास्तर नव्हते. म्हणून बोलले."

मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही. फलाटावर बाकावर बसून राहिले, गाड्या येत होत्या, जात होत्या. त्या न्यायमूर्तींनी काकूंना कधी पाहिलं नव्हतं, तुम्हालाही उभं राहिलात तेवढंच पाहिलं, आणि तरी त्यांना ते दिसलं होतं. आपल्याला शेजारी राहून दिसलं नाही. आपण एवढंच विचारत राहिलो, की त्याने धमकी दिली का, तुमचा हेतू वाईट होता का. काकूंना काय झालं, हे विचारलंच नाही. त्यानंतर जामीन रद्द करण्याचा अर्ज हातात आला, मग मी कुठल्याही बाजूची असो, आरोपीने काय केलं ह्याच्या आधी मी साक्षीदार कसा राहतो, कुणाच्या आधाराने राहतो, कुणाला नाही म्हणू शकत नाही, हे विचारायला लागले. त्यापायी मी काही केसेस हरले, आणि काही माणसं माझ्यामुळे पुन्हा तुरुंगात गेली. त्यांतला एखादा तुमच्या त्या विद्यार्थ्यासारखा नुसता कुणाचं तरी ऐकून गेलेला असेल. त्याचंही वाईट वाटतं. पण दुसऱ्या बाजूला खडवलीची ती बाई अंगणात उभी असते, आणि तिच्या बाजूने बोलायला त्या एका काकूंशिवाय कुणी नव्हतं.

त्या पोरीला मी हे काहीच सांगितलं नाही. ती पुन्हा आली तर सांगेन, की जामीनदार बावळट नव्हता, फार चांगला होता, आणि म्हणूनच कोर्टाला जामीन रद्द करावा लागला. तिला कळेल की नाही कोण जाणे.

हे कुठे पाठवायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. पण लिहिते आहे तर सरळ लिहिते. नाना, कोर्टाचं चुकलं नव्हतं. त्या खुर्चीत मी असते तर मीही जामीन रद्द केला असता, तुम्ही समोर उभे असतानाही. निदान मला तसं वाटतं. आणि हेही खरं, की आज तुम्ही ह्या खोलीत येऊन बसलात, डोळे मिटून तोच प्रश्न पुन्हा विचारलात, तर सगळं माहीत असूनसुद्धा मी तुम्हाला तेच सांगेन. हो नाना, चुकलं.